शोभिवंत व तळ्यातील माशांवरील परजीवी: कर्जत–खालापूरसाठी ओळख, मात्रा आणि उपचाराचे वेळापत्रक

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत भात हे मुख्य पीक आहे. त्याच्या जोडीला आता शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडणारे शेतकरी आहेत. कृषी पर्यटनाच्या आवारात कोई आणि गोल्डफिशची कुंडे आहेत. घराच्या मागे सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी, मॉली, एंजल वाढवणारे बचत गटही आहेत. मुंबईची शोभिवंत माशांची बाजारपेठ लोकलच्या अंतरावर असल्याने या धंद्याला वाव आहे. पण नवीन मासे आणले, आठ दिवसांत अंगावर ठिपके आले आणि पंधरा दिवसांत टाकी रिकामी झाली, अशी तक्रारही वारंवार येते.

अशा वेळी दुकानदार देईल ते औषध एकदा टाकले जाते. ठिपके जातात, शेतकरी निश्चिंत होतो आणि आठवड्याने दुप्पट ठिपके दिसतात. औषध खोटे होते असे वाटते. बहुतेक वेळा औषध बरोबर असते, पण वेळापत्रक चुकलेले असते. परजीवीच्या आयुष्यातील काही अवस्थांवर औषध चालतच नाही. कोणती अवस्था कधी उघड्यावर येते हे समजले की कमी खर्चात, कमी औषधात मासे वाचतात. या लेखात तेच क्रमाने पाहू.

औषधाआधी चार कामे

१. आधी पाणी तपासा. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील आणि ऊन वर आल्यावर पुन्हा खाली जात असतील, तर आधी प्राणवायूच्या कमतरतेचा संशय घ्या. अमोनिया वाढला तरी मासे अंग घासतात आणि कल्ले जोरात हलवतात. अशा पाण्यात औषध टाकले तर आजारी मासा औषधानेच मरतो. पीएच, अमोनिया आणि क्षारता मोजण्याचे साधे किट ज्याच्याकडे चारपेक्षा जास्त टाक्या आहेत त्याने जवळ ठेवावे.

२. मासा हातात घेऊन पाहा. पांढरे ठिपके सर्व अंगावर, परांवर आणि शेपटीवर विखुरलेले आहेत का? प्रजननाच्या काळात गोल्डफिश आणि कोईच्या नराला कल्ल्याच्या झाकणावर व पुढच्या परांच्या कडेवर पांढरे बारीक दाणे येतात. ते नराचे लक्षण आहे, रोग नव्हे. त्यासाठी औषध देऊ नका.

३. शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जिवंत आजारी माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर काचपट्टीच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच खरवडावा. त्यावर टाकीतलेच एक थेंब पाणी टाकून ४० ते १०० पट मोठे करून पाहावे. मेलेल्या माशाचा नमुना फारसा उपयोगी नाही, कारण मासा मेला की बरेच परजीवी त्याला सोडून जातात.

४. पाणी किती आहे ते मोजा. अंदाजाने दिलेली मात्रा हे उपचारादरम्यान मासे मरण्याचे मोठे कारण आहे. त्याचे गणित पुढे दिले आहे.

कोणता परजीवी? लक्षणांवरून ओळख

पांढरे ठिपके, म्हणजे इक. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय जीव. अंगावर रव्यासारखे ठिपके, मासा तळाला व भिंतीला अंग घासतो, पर मिटून घेतो, खाणे सोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली संथपणे गरगर फिरणारा गोळा आणि त्यात घोड्याच्या नालासारखे केंद्रक दिसते. हीच याची पक्की खूण.

ट्रायकोडिना. डोळ्यांना दिसत नाही. अंगावर राखाडी-निळसर पातळ थर येतो, बोटुकली अशक्त होऊन कडेला येते. सूक्ष्मदर्शकाखाली दातेरी चक्र असलेल्या बशीसारखे भराभर फिरताना दिसते. दाट संचयन, तळाचा गाळ आणि उरलेले खाद्य असेल तिथे हा हमखास वाढतो.

कल्ल्यावरील व अंगावरील चपटे कृमी. डॅक्टायलोगायरस मुख्यतः कल्ल्यावर, गायरोडॅक्टायलस मुख्यतः अंगावर. कल्ले सुजतात, एका बाजूचे झाकण उघडे राहते, चकाकी जाते. डॅक्टायलोगायरसच्या डोक्याजवळ चार काळे बिंदू दिसतात. गायरोडॅक्टायलसला ते नसतात आणि त्याच्या पोटात पुढचे पिल्लू दिसते. एक अंडी घालतो आणि दुसरा पिल्ले देतो, म्हणून दोघांच्या उपचारात फरक आहे.

माशांची ऊ, म्हणजे अर्ग्युलस. ५ ते १० मिलिमीटरची, चपटी, गोल, फिकट हिरवट. खवल्यांवर आणि परांच्या मुळाशी चिकटलेली नुसत्या डोळ्यांनी दिसते. रोहू व कटल्यात जास्त आढळते. मासे पाण्याबाहेर उड्या मारतात, अंगावर लाल टिपके पडतात.

नांगर कृमी, म्हणजे लर्निया. अंगातून बाहेर लोंबणारा दोऱ्यासारखा कृमी, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. डोके नांगरासारखे मासात रुतलेले असते. गोल्डफिश आणि कोईच्या बाहेरच्या कुंडात नेहमीचा.

थंडीत माशांवर पडणारे खोल लाल व्रण हा वेगळा रोग आहे. तो बुरशीजन्य असून त्याला पुढील परजीवीनाशक उपाय लागू पडत नाहीत. व्रण दिसले तर थेट मत्स्य विभागाशी संपर्क साधावा.

आपल्या भागात रोग कधी येतो?

जून–जुलै: पहिल्या मोठ्या पावसात ओहोळ, शेते आणि नद्या एक होतात आणि वलगणीचे मासे चढतात. हे मासे शेततळ्यात शिरले की ऊ, नांगर कृमी आणि चपटे कृमी सोबत येतात. तळ्याच्या आवक तोंडाला दुहेरी बारीक जाळी लावा. वलगणीचे मासे खायला उत्तम, पण जिवंत आणून तळ्यात सोडू नका.

नोव्हेंबर–फेब्रुवारी: घाटाच्या पायथ्याला रात्री पाणी गार होते आणि दिवसा तापते. या चढउताराने माशांची प्रतिकारशक्ती घटते. पांढऱ्या ठिपक्यांचा हा मुख्य हंगाम.

एप्रिल–मे: तळ्यातले पाणी आटते, मासे तेवढेच राहतात आणि दाटी वाढते. ऊ आणि ट्रायकोडिना याच वेळी उसळतात. पाणी भरता येत नसेल तर मोठे मासे आधी काढून विका. दाटी कमी करणे हाच या दिवसांतला पहिला उपचार आहे.

पाण्याचे गणित

१ पीपीएम म्हणजे १००० लिटर पाण्यात १ ग्रॅम.

- चौकोनी टाकी: लांबी × रुंदी × पाण्याची उंची, सर्व मीटरमध्ये, येणाऱ्या उत्तराला १००० ने गुणा. उदा. ३ × २ × ०.७५ = ४.५ घनमीटर, म्हणजे ४५०० लिटर.
- गोल टाकी: ०.७८५ × व्यास × व्यास × उंची × १०००. व्यास २ मीटर, पाणी ०.८ मीटर असेल तर सुमारे २५०० लिटर.
- उताराच्या बाजूंचे शेततळे: पाण्याच्या निम्म्या खोलीवरची लांबी व रुंदी धरा. वर २० × २० मीटर, तळाला १४ × १४ मीटर, पाणी ३ मीटर असेल तर १७ × १७ × ३ = ८६७ घनमीटर, म्हणजे सुमारे ८ लाख ६७ हजार लिटर.
- सोपा अंदाज: एक गुंठा क्षेत्र आणि एक मीटर पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर.

हे आकडे पाहिले की कोणता उपाय कुठे परवडतो ते आपोआप कळते. ४५०० लिटरच्या टाकीला लिटरमागे ३ ग्रॅम मीठ म्हणजे साडेतेरा किलो. वरच्या शेततळ्याला तेच मीठ २६ क्विंटल लागेल. म्हणून मिठाचा लांब उपचार टाकीतच करावा. शेततळ्यात स्वच्छता, दाटी कमी करणे आणि अंडी पकडणे यांवर भर द्यावा.

पांढऱ्या ठिपक्यांचा उपचार: एक डोस पुरत नाही

इकचे आयुष्य तीन टप्प्यांचे असते. अंगावरचा ठिपका म्हणजे त्वचेच्या आत खात बसलेला परजीवी. तो त्वचेखाली असल्याने पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरले की तो माशाला सोडून तळाशी, दगडाला किंवा भिंतीला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. या कवचातही औषध जात नाही. आत त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ते पोहत बाहेर पडतात. या पोहणाऱ्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध फक्त यांच्यावरच चालते.

म्हणजे आज टाकलेल्या औषधाने आज पोहणारी पिल्ले मरतील. उद्या कवचातून फुटणाऱ्यांसाठी उद्याही पाण्यात औषध हवे. पहिल्या डोसानंतर ठिपके नाहीसे झाले याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की परजीवी मासा सोडून तळाला गेला आहे.

हे चक्र पाण्याच्या तापमानावर चालते. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर ते चार-पाच दिवसांत पूर्ण होते. १५ अंशांच्या पाण्यात त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात दहा दिवसांत जमलेला उपचार जानेवारीत दहा दिवसांत थांबवला तर रोग परत येतो.

टाकीसाठी मिठाचे वेळापत्रक

१. खडे मीठ वापरा. एकूण मात्रा लिटरमागे ३ ग्रॅम. ती तीन भागांत द्या: पहिल्या दिवशी सकाळी १ ग्रॅम, संध्याकाळी १ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी १ ग्रॅम. ४५०० लिटरच्या टाकीत प्रत्येक वेळी साडेचार किलो. मीठ बादलीत विरघळवून टाकीभर फिरवून ओता. माशांच्या अंगावर खडे पडू देऊ नका.

२. एक दिवसाआड तळाचा गाळ नळीने ओढून काढा आणि २५ ते ३० टक्के पाणी बदला. तळाला चिकटलेली कवचे बाहेर काढण्याचा हाच मार्ग आहे. जेवढे पाणी बदलले तेवढ्याचेच मीठ पुन्हा घाला. १००० लिटर बदलले तर ३ किलो.

३. पाणी २५ अंशांच्या पुढे असेल तर १० ते १४ दिवस, गार असेल तर किमान तीन आठवडे मीठ चालू ठेवा. शेवटचा ठिपका दिसल्यानंतर उन्हाळ्यात आणखी एक आठवडा आणि थंडीत आणखी दोन आठवडे थांबा.

४. उष्ण पाण्यातल्या माशांसाठी, उदा. एंजल, मॉली, गप्पी, हीटरने तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेले तर परजीवीची वाढ खुंटते. एका दिवसात दोन अंशांपेक्षा जास्त वाढवू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवा पंप अखंड चालू ठेवा. गोल्डफिश व कोईसाठी तापमान वाढवण्यापेक्षा मीठ बरे.

५. मांगूर व टाकीतले इतर बिनखवल्याचे मासे मिठाला नाजूक असतात. त्यांना निम्म्या मात्रेपासून सुरुवात करून लक्ष ठेवा.

६. गाळणीत झिओलाइट असेल तर मीठ घालण्याआधी काढा. खाऱ्या पाण्यात ते धरलेला अमोनिया सोडून देते.

मीठ पुरे पडत नसेल तर ३७ ते ४० टक्क्यांचे फॉर्मेलिन १००० लिटरला २५ मि.ली., एक दिवसाआड, किमान तीन वेळा. प्रत्येक वेळी आधी पाणी बदलून. ४५०० लिटरच्या टाकीला सुमारे ११२ मि.ली. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू खाते, म्हणून पंप दुप्पट करा आणि भर दुपारी देऊ नका. बाटलीच्या तळाला पांढरा साका बसला असेल तर ते माशांना विषारी आहे, फेकून द्या. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा. हा द्रव माणसालाही घातक आहे. खाण्याच्या माशांसाठी फॉर्मेलिन मत्स्य अधिकाऱ्याच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.

चपटे कृमी आणि ट्रायकोडिना

ट्रायकोडिनासाठी आधी तळ साफ करा आणि खाद्य निम्मे करा. बोटुकलीला मिठाचे बुडवण द्या: १० लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम मीठ, दोन ते पाच मिनिटे. मासा कलंडू लागला की लगेच बाहेर काढा. आधी दोन-तीन माशांवर करून पाहा. गाळ तसाच ठेवून दिलेला कोणताही डोस महिनाभर टिकत नाही.

चपट्या कृमींसाठी शोभिवंत माशांच्या टाकीत प्राझिक्वांटेल उपयोगी आहे. मात्रा १००० लिटरला २ ग्रॅम, शुद्ध औषधाच्या हिशेबाने. पिल्ले देणारा गायरोडॅक्टायलस बहुधा एका डोसात आटोक्यात येतो. डॅक्टायलोगायरसची अंडी मात्र औषधातून वाचतात. ती फुटल्यावर पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो, आणि थंडीत तिसराही. उपचार चालू असताना गाळणीतला सक्रिय कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषधच गाळून घेईल.

ऊ आणि नांगर कृमी

उवेची मादी अंडी घालायला मासा सोडते आणि काठी, दगड, प्लॅस्टिकचे अस्तर अशा कठीण पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते. आपल्याकडच्या उबदार पाण्यात ती साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात. ही सवयच आपल्या कामी येते.

- तळ्यात जागोजागी बांबू किंवा जुन्या फळ्या उभ्या करा. दर पाच-सहा दिवसांनी बाहेर काढा, अंडी खरवडा, दिवसभर कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा लावा. दीड महिना न चुकता केल्यास संख्या स्पष्टपणे घटते. याला औषधाचा खर्च नाही.
- कुंडातल्या मोजक्या कोई व गोल्डफिशच्या अंगावरील ऊ चिमट्याने काढा. नांगर कृमी काढताना मुळाशी धरून सावकाश ओढा. डोके आत तुटले तर जखम चिघळते. मासा ओल्या फडक्यात धरा आणि अर्ध्या मिनिटात पाण्यात सोडा.
- वेगळ्या टबात पोटॅशियम परमँगनेटचा उपचार: १००० लिटरला १० ग्रॅम, ३० मिनिटे, पंप चालू. मासा बेचैन झाला तर वेळ पूर्ण होण्याची वाट पाहू नका. मांसात रुतलेला प्रौढ नांगर कृमी याने मरत नाही, म्हणून चिमटा टाळता येत नाही. पिल्लांची नवी फळी येत राहते, त्यामुळे तीन-चार आठवडे दर आठवड्याला मासे तपासा.
- तळ्यात परमँगनेटची नेहमीची मात्रा १००० लिटरला २ ग्रॅम. वरच्या ८ लाख ६७ हजार लिटरच्या तळ्याला सुमारे पावणेदोन किलो. पाणी गढूळ व गाळ जास्त असेल तर औषध गाळातच खर्च होते आणि जांभळा रंग लगेच तपकिरी होतो. आधी एका बादलीत त्याच मात्रेने करून पाहा. पाव तासात रंग तपकिरी झाला तर तळ्यात टाकण्यात पैसा वाया आहे. गाळ आणि दाटी यांचे काम आधी करा.
- परमँगनेट आणि फॉर्मेलिन कधीही एकत्र करू नका. मिश्रण पेट घेऊ शकते. दोन्ही वेगळ्या जागी ठेवा.

जे टाळायलाच हवे

मोरचूद, क्षारता मोजल्याशिवाय. बागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरात असतेच, म्हणून ते तळ्यात टाकण्याचा मोह होतो. तांबे माशांना किती विषारी ठरते हे पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते. पावसाच्या पाण्याने भरलेल्या आपल्या तळ्यांत, विशेषतः प्लॅस्टिक अस्तराच्या, क्षारता कमी राहते. ती लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर मोरचूद वापरू नका. जी मात्रा देशावरच्या कठीण पाण्यात चालली, तीच इथे एका रात्रीत तळे मारू शकते.

पिकावरची कीटकनाशके. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, इमामेक्टिन यांच्या फवारणीच्या बाटल्या तळ्यात ओतू नका. उवेसाठी या गटातील औषधे काही ठिकाणी वापरली जातात, पण मात्रेत थोडा फरक पडला तरी मासे मरतात. कोळंबी, खेकडे आणि पाण्यातले इतर जीव त्याआधीच जातात. आपली तळी पावसाळ्यात ओसंडतात. कर्जतचे पाणी उल्हासला आणि खालापूरचे पाताळगंगेला मिळते. दोन्ही नद्यांचे पाणी पुढे लोक पितात.

मॅलाकाइट ग्रीन. शोभिवंत माशांच्या दुकानात निळ्या-हिरव्या औषधांत हे असते. खाण्याच्या माशांत ते अजिबात वापरू नये. मासात त्याचा अंश दीर्घकाळ राहतो. ज्या शेततळ्यात कोई आणि रोहू एकत्र आहेत ते तळे खाण्याच्या माशांचे समजावे.

खारे पाणी पिकाला. उपचाराचे लिटरमागे ३ ग्रॅम मिठाचे पाणी वाल, भाजी किंवा भाताच्या रोपवाटिकेत सोडू नका. कडधान्ये खारेपणाला फार नाजूक असतात. विहिरीपासून व पिकापासून दूर शोषखड्ड्यात सोडा.

खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासे असतील तर

कृत्रिम समुद्री मीठ वापरून क्लाऊनफिश, डॅमसेल असे समुद्री मासे आता किनाऱ्यापासून दूरही पाळले जातात. रिसॉर्ट व फार्महाऊसच्या मत्स्यालयांची देखभाल करणाऱ्यांनी पुढील फरक लक्षात ठेवावा. समुद्री माशांवरचे पांढरे ठिपके दिसायला इकसारखेच, पण जीव वेगळा: क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. खाऱ्या पाण्यातच जगत असल्याने जास्त मीठ घालून तो जात नाही. त्याचेही अंगावरचे, कवचातले आणि पोहणारे असे टप्पे आहेत, म्हणून नियम तोच: उपचार पोहणाऱ्या अवस्थेवर आणि पुरेसे दिवस.

- खारेपणा उतरवणे: फक्त मासे असलेल्या वेगळ्या टाकीत खारेपणा नेहमीच्या ३५ वरून दोन-तीन दिवसांत हजारी १५ ते १६ भागांपर्यंत आणावा आणि ठिपके गेल्यावरही तीन-चार आठवडे ठेवावा. परत वाढवताना आणखी सावकाश. पीएच रोज तपासावा, तो घसरतो.
- टाकी बदलणे: दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचे, असे चार वेळा. परजीवी जुन्या टाकीत कवच करून राहतो आणि पिल्ले फुटण्याआधी मासा निघून गेलेला असतो. औषधाशिवायचा हा उपाय मोजक्या माशांसाठी चांगला.
- तांबे: पाण्यात लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे, किमान तीन आठवडे, रोज दोनदा किटने मोजून. प्रवाळ, शंख, कोळंबी असलेल्या मुख्य टाकीत कधीही नाही, ते मरतात. प्रवाळ दगड व चुनखडीची वाळू तांबे शोषून घेते, त्यामुळे मात्राही टिकत नाही.
- गोड्या पाण्याचे बुडवण: तापमान व पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे. समुद्री चपट्या कृमींवर हे छान चालते, ते पांढरे होऊन गळून पडतात. त्वचेखाली बसलेल्या क्रिप्टोकॅरिऑनवर चालत नाही.
- मासे बाहेर काढल्यावर मुख्य टाकी किमान सहा आठवडे बिनमाशांची ठेवा.

अंगावर ठिपक्यांऐवजी सोनेरी भुकटी उडाल्यासारखी दिसली आणि मासे धापा टाकत असतील, तर तो मखमली रोग, अमायलोऊडिनियम. तो एक-दोन दिवसांत टाकी संपवतो. वाट न पाहता मासे वेगळ्या टाकीत हलवून तांब्याचा उपचार त्याच दिवशी सुरू करावा.

रोग आत येऊच नये म्हणून

१. विलगीकरण टाकी. नवीन मासे तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. कोलकात्याहून किंवा मुंबईच्या बाजारातून आलेला मासा प्रवासाने थकलेला असतो आणि लपलेला परजीवी पहिल्या दोन आठवड्यांत डोके वर काढतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून युनिट उभारत असाल तर ही टाकी आराखड्यातच धरा. ५०० लिटरचा प्लॅस्टिक टबही चालतो, मात्र तो शेवटच्या टाकीच्याही पलीकडे असावा.

२. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग जाळीने फक्त मासे घ्या.

३. प्रत्येक टाकीला वेगळी जाळी आणि बादली. शक्य नसेल तर वापरल्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवा. आजारी टाकीचे काम दिवसात सर्वांत शेवटी करा.

४. तळे वर्षातून एकदा कोरडे करा. मे महिन्यात पाणी संपले की मातीच्या तळ्याचा तळ भेगा पडेपर्यंत वाळू द्या. रोग येऊन गेला असेल तर कळीचा चुना गुंठ्याला १० किलो, एरवी २ ते अडीच किलो. अस्तराच्या तळ्यात चुन्याची गरज नाही. घासून, धुऊन आठ दिवस ऊन द्या.

५. नोंदवही ठेवा. कोणते मासे कधी, कुठून आले, पाण्याचे तापमान, कोणते औषध, किती मात्रा, कोणत्या तारखा. पुढचा डोस कधी ते तुमच्या आठवणीवर नाही, वहीवर ठरू द्या.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: नमुना कुठे आणि कसा

तीन ते पाच जिवंत आजारी मासे त्याच तळ्याच्या पाण्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत घ्या. पिशवीचा एक तृतीयांश भाग पाणी, उरलेली हवा. सोबत एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत वेगळे. नमुना घेण्याआधी औषध दिले असेल तर ते चिठ्ठीवर लिहा. जिल्ह्यात किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अलिबागचे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचे कार्यालय मार्गदर्शन करते. खात्रीच्या निदानासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. आधी फोन करून, कर्जत किंवा खोपोलीहून सकाळच्या लोकलने नमुना नेला तर मासे जिवंत पोहोचतात. मोठ्या प्रमाणावर मरतूक असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवर छायाचित्रांसह नोंद करा.

शेतकऱ्याला औषधाचे नाव सांगताना त्याच कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: पाणी किती लिटर, एका वेळची मात्रा किती, आणि पुढच्या डोसांच्या तारखा. थंडीत तारखांमधले अंतर आणि एकूण दिवस वाढवा. मासे बरे दिसू लागले की बहुतेक जण उपचार सोडतात. शेवटच्या तारखेखाली एक रेघ ओढून तिथपर्यंत थांबायला सांगा.